खुर्सीपार पोस्टिंग : दाट रानासाठी कुठली रायफल?

मंडळी, यावेळचं पोस्टिंग सीमेवरचं नाही. दुर्गच्या एनसीसी बटालियनला पीआय स्टाफ म्हणून आलो आणि भिलाईत खुर्सीपारला वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली. खुर्सीपार म्हणजे पोलाद कारखान्याच्या मजुरांनी भरलेली वस्ती. एका गल्लीत तेलुगू, दुसरीत ओडिया, मध्ये बिहारी, आणि अधूनमधून भंडारा-गोंदियाकडची मराठी घरं. घरमालक काका त्यांतलेच. त्यांचे वडील १९५८ साली साकोलीकडून कारखान्यात लागायला आले. तेव्हा पहिली धमनभट्टी अजून पेटायची होती, ती १९५९च्या फेब्रुवारीत पेटली. काका स्वतः रेल मिलमधून निवृत्त झाले. वय शहात्तर, कान थोडे जड, आवाज मात्र अजून मिलमधलाच.

त्यांचा मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहतो. पोलादाच्या गावातून निघून पोलादाच्याच जुन्या गावात गेला, असं काका हसून सांगतात. एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना त्यांनी मला खालून हाक मारली. "हवालदार साहेब, या जरा. पोरगा बंदूक इचारून राहिला."

पोराचा प्रश्न सरळ होता. ऑफिसातले लोक दर वर्षी नोव्हेंबरअखेर उत्तरेकडच्या ॲलेगेनी जंगलात हरणाच्या शिकारीला जातात. यंदा त्यालाही बोलावलं होतं. त्यानं तिथला सुरक्षा-प्रशिक्षणाचा कोर्स केला होता, परवानाही काढला होता. आता रायफल घ्यायची. दुकानदार मोठी मॅग्नम दाखवतो, मित्र जुनी थर्टी-थर्टी घे म्हणतो. रान दाट आहे, पन्नास-साठ मीटरच्या पुढचं दिसत नाही. भाऊ, काय घेऊ?

मी काही बोलायच्या आत काकांचं उत्तर तयार होतं. "तीनशे पंधरा घे! जड गोळी. झाडी फाडून जाते."

काकूंनी स्वयंपाकघरातूनच मत नोंदवलं की काहीच घेऊ नको, जनावरानं तुझं काय बिघडवलं?

इथून पुढे दोन महिने माझी सुटी याच विषयात गेली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हे वाचून कुणी पोरगं भरमार घेऊन बालोदच्या रानात जायला नको. आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीनं तीही गेली. चितळ, सांबर, भेकर (इथले लोक भेकराला कोटरी म्हणतात) यांतल्या एकावरही बार काढला तर तुरुंग आहे. आणि ते योग्यच आहे. याच मध्य भारतात कान्हाचा बारशिंगा १९७० साली ६६ डोक्यांवर आला होता. इथल्याच कोरिया संस्थानाच्या राजानं १९४७च्या सुमारास तीन चित्ते टिपले, ते देशातले शेवटचे ठरले. आपण शिल्लक ठेवलं असतं तर आपल्यालाही हंगाम ठेवता आला असता. पेनसिल्व्हेनियात हरणं इतकी आहेत की सरकारच दर वर्षी किती मादी मारायच्या ते ठरवून परवाने देतं. हंगामाच्या पहिल्या सोमवारी तिथल्या कित्येक शाळांना सुटी असते. म्हणजे तिथला प्रश्न खरा आणि कायदेशीर होता. आणि काकांकडे त्याचं उत्तर कपाटात कुलूपबंद होतं, ते त्यांच्या वडिलांचं.

ती रायफल मी पहिल्यांदा पाहिली ती निवडणुकीच्या आधी. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. २०२३च्या विधानसभेला काकांबरोबर मी ठाण्यात गेलो. इशापूरची ३१५ बोअर, ली-एनफिल्डच्या बोल्टवर बेतलेली, पाच राउंडचं मॅगझिन, लाकूड तेल पिऊन काळं झालेलं. आपल्या फौजेत ज्यांनी जुनी थ्री-नॉट-थ्री हाताळली आहे त्यांना बोल्ट ओढताच ओळख पटेल.

ही ३१५ जन्मालाच का आली, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्रजांनी फौजेला .३०३ दिली आणि नागरिकांना ती बंद केली. फौजेच्या कोठारातून चोरलेली काडतुसं बाहेरच्या बंदुकीत चालू नयेत, हा हिशेब. त्याच धाकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५०वरही बंदी आली आणि विलायती बंदूकवाल्यांना .४६५, .४७० असले नवे बोअर काढावे लागले. शिकारी रायफलीसाठी मग ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ एमएम मॅनलिखर काडतुसाचं रूप उचललं, त्यालाच आपण ३१५ म्हणतो. म्हणजे हा बोअर कुणी हरणाकडे बघून निवडला नाही, पोलिसी हिशेबानं तो लोकांच्या हाती पडला. पण पडला तो रानाला मानवणारा. गोळी २४४ ग्रेनची, सुमारे पावणेसोळा ग्रॅम, बोथट नाकाची. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या मानानं संथ. इन्सासची गोळी चार ग्रॅमची आणि नऊशे मीटरनं पळते. काकांच्या डबीतल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' कोरलेलं होतं. केएफ म्हणजे खडकी. पुण्याची काडतुसं, बंगालची रायफल, आणि चालवणारा भंडाऱ्याचा, असा तो सगळा कारभार.

काकांचं म्हणणं असं की जड, संथ, बोथट गोळी झाडी फाडत सरळ जाते आणि हलकी, टोकदार गोळी काडीला लागली की वाकडी होते. हे मत त्यांचं एकट्याचं नाही. जगभरच्या जंगली शिकाऱ्यांचं आहे, आणि त्याची एक मोठी शाखा इथल्याच रानात वाढली. जेम्स फोर्सिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८६०च्या दशकात निमाड, पचमढी, सातपुड्याच्या रानांत हिंडत होता. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली, तो गेल्यावर, निघालं. पण त्याआधी त्यानं फक्त शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं. तेव्हा लांबट, टोकदार गोळ्यांची लाट होती. फोर्सिथ उलट दिशेला गेला. रानात बार बहुतेक शंभर यार्डांच्या आतच काढायचा असतो, तिथे अंतराचा अंदाज बांधायला वेळ नसतो, तेव्हा मोठी गोल गोळी घ्या, दारू भरपूर भरा, आणि नळीतला पीळ अगदी मंद ठेवा, म्हणजे जोरात दारू भरली तरी गोळी पीळ सोडून घसरणार नाही. त्याच्या आवडीची चौदा बोअर. एका पौंडात चौदा गोळ्या बसतात म्हणून चौदा बोअर, म्हणजे एक गोळी बत्तीस ग्रॅमची आणि साडेसतरा मिलिमीटर जाडीची! नळीतला पीळ साडेआठ फुटांहून जास्त लांबीत एक फेरा घेणारा. नळी स्वतः दोन-सव्वादोन फुटांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत पाव फेराच फिरणार.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "सांगतो न बाप्पा मी, जड गोळी!"

पण फोर्सिथचा मुद्दा झाडी फाडण्याचा नव्हता. जवळच्या अंतरावर पटकन, अंदाज न बांधता बार निघाला पाहिजे आणि जनावर तिथेच बसलं पाहिजे, हा त्याचा मुद्दा होता. झाडी फाडण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव काकांच्या विरुद्ध आहे.

मिझोराममध्ये वैरेंगटेला जंगल युद्धाचा कोर्स केला तेव्हा बांबूच्या बेटात ठेवलेल्या टार्गेटवर आम्ही फायर केलं होतं. पंचवीस मीटरवर. इन्साससारखी हलकी गोळी आडवी होऊन टार्गेटमध्ये शिरलेली पाहिली, भोक गोल असायच्या ऐवजी किल्लीच्या भोकासारखं लांबट. मग कुणीतरी ७.६२च्या एसएलआरनं करून पाहिलं. फरक पडला, पण तीही वाकली. उस्तादानं तेव्हा एकच सांगितलं होतं, की बांबूला लागलेली गोळी कुणाची नसते. अमेरिकेतल्या शिकारी मासिकांनी लाकडी काड्यांच्या रांगा लावून हलक्या-जड, संथ-वेगवान अशा गोळ्या झाडून पाहिल्या आहेत. सगळ्या वाकतात. जड आणि लांब गोळी थोडी कमी बिथरते, इतकंच. खरा फरक पडतो तो काडी कुठे आहे याचा. काडी जनावराच्या अंगालगत असेल तर गोळीला भरकटायला जागाच उरत नाही. काडी तुमच्या आणि जनावराच्या मध्यावर असेल तर गोळी हातभर कुठेही जाईल. पोटात जाईल, पायात जाईल.

म्हणून पोराला मी पहिलं उत्तर हे दिलं की झाडी फाडणारी रायफल दुकानात मिळत नाही. झाडीतली फट शोध. फट नसेल तर बार नाही.

काकांना हे पटलं नाही. त्यांच्या हट्टामागे काय होतं ते मला महिनाभरानं, एका संध्याकाळी गच्चीवर, कळलं.

१९६८च्या थंडीतली गोष्ट. त्या काळी मध्य प्रदेशात जंगलाचे शूटिंग ब्लॉक असत. पंधरवड्यासाठी ब्लॉक घ्यायचा, जनावरागणिक फी भरायची, मादी मारायची नाही. काकांचे वडील आणि कारखान्यातले तिघेजण डोंगरगडकडच्या एका ब्लॉकमध्ये गेले. काका तेव्हा एकवीस वर्षांचे, पाण्याची कॅन आणि शिदोरी सांभाळायला बरोबर होते. वडिलांच्या हातात तेव्हा ३१५ नव्हती, बारा बोअरची दुनळी होती, दोन्ही नळ्यांत एलजी. एलजी म्हणजे नऊ मिलिमीटरचे मोजके सहा-आठ छर्रे. तीस-पस्तीस पावलांपर्यंत ते एकत्र राहतात, पुढे पांगतात. हाक्यात चितळाचा नर निघाला तो साठ पावलांवर, बांबूच्या आडून. वडिलांनी बार काढला. जनावर कोसळलं, उठलं आणि गेलं.

रक्त मिळालं, पण गडद आणि थोडं. गोंड वाटाड्यानं पानावरचं रक्त बोटानं चोळून वास घेतला आणि मान हलवली. पोटात लागलं होतं. तो म्हणाला, आता बसा, दोन-तीन तास हलू नका, जनावर जवळच बसेल. बरोबरच्या लोकांना घाई होती, ते मागावर गेले. जनावर उठत राहिलं, पुढे जात राहिलं. अंधार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी गिधाडं उतरताना दिसली तेव्हा ते सापडलं, कोसभर लांब, नाल्याच्या पल्याड.

"रातभर जिवंत होतं," काका म्हणाले. "बाबा दोन दिवस जेवले नाही. मंग पुढच्या साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ही रायफल घेतली. म्हणे, आता जनावर जागीच पडलं पाहिजे."

ती घेतल्यावर त्यांनी चारच जनावरं मारली. मग कायदा आला आणि रायफल कपाटात गेली. काकांच्या मनात जड गोळीचा अर्थ 'त्या रात्रीसारखं पुन्हा होऊ नये' असा आहे. हे कळल्यावर त्यांच्याशी ग्रेन आणि वेगाचा वाद घालण्यात मतलब उरला नाही. पण पोराला सल्ला द्यायचाच होता, आणि आता मला काय सांगायचं तेही नीट कळलं होतं.

इथे फौजी वाचकांनी जरा थांबावं, कारण आपल्याला शिकवलेलं इथे उलटं होतं. आपली गोळी पूर्ण कवचाची, फुल मेटल जॅकेट. अंगात शिरली तरी फुलत नाही, सरळ पार होते. असं का? १८९९च्या हेग जाहीरनाम्यात युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं म्हणून. आणि त्या गोळ्या कुठे बनल्या होत्या? कलकत्त्याजवळ डमडमच्या दारूगोळा कारखान्यात. १८९५च्या चित्रालच्या मोहिमेत .३०३ची कवचबंद गोळी लागूनही शत्रू थांबत नाही अशी ओरड झाली. मग डमडमच्या कॅप्टन बर्टी-क्लेनं गोळीच्या टोकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. लागली की टोक चेपून गोळी छत्रीसारखी फुलते. जगभर फुलणाऱ्या गोळीला अजून 'डमडम' म्हणतात ते यावरून.

माणसावर जी क्रूर ठरवून बंद केली, ती हरणावर दया ठरते. कवचबंद गोळी हरणाच्या फुप्फुसातून सुईसारखी जाते, जनावर मैलभर पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत पडतं. फुलणारी गोळी दोन्ही फुप्फुसं बसवते, जनावर पन्नास-शंभर मीटर पळून काही सेकंदांत पडतं. म्हणून पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी फुलणारी गोळी कायद्यानंच लागते. पोराच्या एका मित्रानं त्याला फौजी माल स्वस्त मिळतो म्हणून कवचबंद डबे देऊ केले होते. त्याला मी त्याच दिवशी नाही म्हणायला लावलं. बोअर कुठलाही घे, पण ही गोळी नको. काकांच्या ३१५ची खडकीची गोळीही उघड्या नाकाचीच आहे. तिची खरी करामत वजनाइतकीच त्या उघड्या शिशात आहे.

दाट रानात फुलण्याबरोबर आणखी एक पाहावं लागतं : गोळी पलीकडून बाहेर पडली पाहिजे. एकाच बाजूनं भोक असेल तर रक्त आतच साठतं, बाहेर थेंब पडत नाही, आणि पाचोळ्यात माग हरवतो. दोन्ही बाजूंनी भोक असेल तर माग सुटत नाही. उघड्या माळावर जनावर डोळ्यांसमोर पडतं, तिथे हे चालून जातं. झाडीत मात्र दहा पावलांवर पडलेलं जनावर दिसत नाही. म्हणून झाडीसाठी मध्यम वेगाची, बऱ्यापैकी वजनाची गोळी बरी, जी फुलेल पण फुटून चुरा होणार नाही. फार वेगवान हलकी गोळी तीस मीटरवर खांद्याच्या हाडाला लागली तर वरवरच फुटण्याची भीती असते. इथे काकांचं आणि माझं एकमत झालं, फक्त कारणं वेगळी होती.

मग बोअर? दुकानदाराची .३०० मॅग्नम मी आधी बाद केली. चितळाचा मोठा नर सत्तर-ऐंशी किलोचा, तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरण साधारण तेवढंच. त्याला रणगाडा लागत नाही. आणि नव्या माणसाच्या खांद्याला मॅग्नमचा दणका बसला की तो बार निघायच्या आधीच डोळे मिटायला शिकतो. हे मी रोज बघतो. कॅडेट पॉइंट टू टूवर सुंदर ग्रुप देतात. त्यांतल्याच एखाद्याला कॅम्पात एसएलआर दिली की तिसऱ्या राउंडपासून मझल खाली जायला लागते. त्याला कळतही नाही. मी न सांगता मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी राउंड घालतो. चाप दाबल्यावर बार निघत नाही आणि रायफल मात्र गचकन खाली जाते, मग सगळे हसतात आणि पोरगं शिकतं. मुलालाही हेच करायला सांगितलं. मित्रानं गुपचूप रिकामी टोपी भरून द्यायची, दहा वेळा.

उरल्या दोन. एक .३०८, म्हणजे आपल्या ७.६२ एसएलआरच्या काडतुसाचं नागरी भावंड. ते १९५२ साली बाजारात आलं आणि दोन वर्षांनी नाटोनं ७.६२ स्वीकारलं. बोल्ट ॲक्शनमध्ये, वीस इंची नळी, हा कुठल्याही फौजीचा सहज कौल. दुसरी थर्टी-थर्टी, १८९५ची म्हातारी, लिव्हर ॲक्शन. नळीखालच्या नळकांड्यात राउंड एकामागे एक बसतात, म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवतात. टोकदार असेल तर पुढच्या राउंडच्या टोपीवर आपटून मॅगझिनमध्येच बार व्हायचा. गोळी दहा-अकरा ग्रॅमची, वेग सातशेच्या आसपास. दोनशे मीटरच्या पुढे निकामी, पण साठ मीटर दिसणाऱ्या रानात दोनशे मीटर कुणाला हवेत? वजन तीन किलोच्या थोडं वर, एसएलआरहून किलोभर हलकी, आखूड, अंगाला चपटी. फांद्यांतून नेताना अडकत नाही. दणका सौम्य.

माझा कौल सुरुवातीला .३०८कडे होता. फौजी माणूस ओळखीच्या गोळीकडे झुकतोच. पण पोरानं मित्राच्या दोन्ही हाताळून पाहिल्या आणि सांगितलं, की डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले तर थर्टी-थर्टीची माशी आपोआप खाचेत असते, दुसरीची शोधावी लागते. मग वाद संपला. हरीण झाडीत दोन-तीन सेकंद फटीत उभं राहतं. तेवढ्यात रायफल स्वतःहून जागेवर येत असेल तर बोअरचं उरलेलं गणित दुय्यम आहे. त्यानं जुनी, वापरलेली मार्लिन घेतली. वर कमी ताकदीची दुर्बीण बसवली, कारण सांजेच्या अंधुक उजेडात उघड्या माशीपेक्षा तिच्यातून काडी आधी दिसते, आणि आपला सगळा धंदा काडी दिसण्याचा.

काकांना मी थर्टी-थर्टीची गोळी कागदावर काढून दाखवली. चपट्या नाकाची, जाड, संथ. "ही तर तीनशे पंधराची धाकटी बहीण!" झालं, त्यांच्याकडूनही मंजुरी.

नेम कुठे धरायचा हे मात्र चित्रावरून समजत नव्हतं. म्हणून एका सकाळी काकांना घेऊन मैत्रीबागेत गेलो. भिलाईच्या या प्राणिसंग्रहालयाचं नाव रशियाच्या मैत्रीवरून आहे. लोक तिथे पांढरे वाघ बघायला जातात. आम्ही दोघं चितळांच्या कुंपणाशी तासभर उभे. जनावर आडवं उभं राहिलं की पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर जायचं, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात हृदय, त्याच्या वर फुप्फुसं. मारक जागा जेवणाच्या ताटाएवढीही नाही. काका मोबाइलवर फोटो काढून बोटानं ठिपके देत होते आणि मुलाला पाठवत होते : इथे मार, तिरपं असेल तर पल्याडच्या पायाकडे बघून मार, तोंड आपल्याकडे असेल तर मारू नको, शेपूट आपल्याकडे असेल तर मुळीच नाही. शेजारी उभ्या बाईंनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तेव्हा मी काकांना जरा हळू बोलायला सांगितलं.

सोबत गोंड वाटाड्याची विद्याही गेली. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबून जा. काळपट लाल म्हणजे काळीज, दोन-तीन तास. हिरवट, वासाचं म्हणजे पोट, सहा तास तरी हलू नको, रात्र झाली तरी चालेल. बार काढला तिथे आधी खूण बांध. पोरानं सांगितलं की तिथल्या कोर्सच्या पुस्तकात जवळजवळ हेच छापलंय.

पेनसिल्व्हेनियाचा हंगाम २५ नोव्हेंबरला उघडला. इकडे आठवडाभरापूर्वीच, १७ तारखेला, दुर्गला मतदान झालं होतं आणि काकांची ३१५ अजून ठाण्याच्या मालखान्यात होती. पहिल्या दिवशी पोरगा नारिंगी जॅकेट आणि टोपी घालून (तेही तिथे कायद्यानं लागतं) हेमलॉकच्या झाडीत नऊ तास बसला. तीन हरणं आली, तिन्ही फांद्यांआड. एकही बार नाही. मित्र चिडले म्हणे. रात्री त्यानं फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. काकांनी मात्र त्याला जे शाबासकी दिली, तसली मी सुभेदार साहेबांकडूनसुद्धा कधी ऐकली नाही.

पुढच्या शनिवारी एक मादी चाळीस मीटरवर फटीत थांबली. एक बार. सत्तर पावलांवर सापडली, माग गुलाबी. मांसातलं थोडं त्यानं घरी ठेवलं, बाकीचं गरिबांच्या अन्नछत्रासाठी शिकारीचं मांस गोळा करणाऱ्या तिथल्या एका संस्थेला दिलं. काकूंनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी मांस किती वेळ शिजवलंस एवढंच विचारलं.

राहिली ३१५. ती डिसेंबरात ठाण्यातून परत आली. पोरगा परत यायचा नाही, हे काकांनी आता मानलंय. ती विकावी असं माझं मत होतं, परवानाधारक विक्रेता घेईल. पण २०१६च्या शस्त्र नियमांत परवानाधारक सत्तरीचा झाला की हयातीतच वारसाच्या नावे हत्यार करता येतं, हे मी त्यांना दाखवलं, आणि तिथेच माझं मत मागे पडलं. नागपूरची मुलगी घ्यायला तयार झाली. शिकार तिला करायची नाही आणि करताही येणार नाही. आजोबांची आहे, भंगारात जाऊ नये, एवढंच तिचं कारण. संक्रांतीला ती आली तेव्हा अंगणात सतरंजीवर तिला बोल्ट काढणं, चेंबर बोटानं तपासणं, नळीत तेलाची चिंधी फिरवणं शिकवलं. हात स्थिर आहे तिचा. सुरक्षा-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं की तिचा अर्ज नागपूरच्या पोलीस आयुक्तालयात जाईल, तोवर रायफल खुर्सीपारच्या कपाटात, आणि लोकसभेची आचारसंहिता लागली की पुन्हा ठाण्यात.